दसऱ्याला उघडलेला डबा

आमच्या घरात ‘डबा’ म्हटलं की चिवड्याचा नव्हे आणि लाडवांचाही नव्हे. काळा, जड, दोन्ही बाजूंना मुठी आणि पुढे काचेचं गोल तोंड असलेला जो आहे, तो डबा. त्याच्या पोटात कॅमेरा बसवायचा, झाकण घट्ट लावायचं आणि समुद्राखाली न्यायचा. बाहेर मासे फिरतात, आत कॅमेरा कोरडा ठणठणीत. त्याला हाउसिंग म्हणतात, असं माझ्या मुलीनं मला निदान पन्नास वेळा सांगून झालं. मी पहिल्या दिवसापासून डबाच म्हणते. आता तिच्या संस्थेतल्या बंगाली मैत्रिणीसुद्धा फोनवर ‘आंटी, डब्बा हो गया?’ असं विचारतात.

मुलगी प्रवाळांचा अभ्यास करते. दुर्गापूजेचे दिवस सरले, पावसाळी समुद्र निवळला, की कोलकात्याहून विमानानं अंदमान गाठायचं. गेल्या वर्षी ज्या प्रवाळाचा फोटो काढला त्याचाच, तेवढ्याच अंतरावरून, पुन्हा काढायचा. वाढलं का, पांढरं पडलं का, मेलं का, हे त्यावरून कळतं. दर वर्षी म्हणजे दर वर्षी. एक वर्ष हुकलं की मधली कडी तुटली, आधीच्या वर्षांची मेहनतही अर्धी पाण्यात. कॅमेरा संस्थेचा, आणि तोही एकच. त्यामुळे डब्यात पाणी शिरणं म्हणजे काय, हे आमच्या घरातल्या पालीलाही ठाऊक आहे.

मी स्वतः पाण्याला भिते. माझं माहेर दुष्काळी भागातलं. विहीर होती, पण तिच्यात वाकून पाहिलं तर पाण्यापेक्षा कासवच जास्त दिसायचं. लग्न झालं, यांच्या बदल्या होत होत आम्ही कोलकात्याला आलो आणि सॉल्ट लेकमध्ये जे रुतलो ते रुतलोच. इथली माणसं सुट्टी मिळाली की पुरीला धावतात. आम्हीही जातो. सगळं कोलकाता लाटांत डुंबत असतं आणि मी वाळूत बसून सगळ्यांच्या चपला राखते. अशा बाईच्या पोटी ही समुद्राच्या तळाशी जाणारी मुलगी! अंदमानच्या समुद्रात कामाला जाणार असं तिनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी आठ दिवस तिच्याशी बोलले नव्हते. आमचे हे केंद्र सरकारात अधिकारी. हे म्हणाले, “रीतसर प्रशिक्षण घेतलंय तिनं, प्रमाणपत्र आहे.” उंटावरून शेळ्या हाकायला यांचं काय जातं! प्रमाणपत्र दाखवलं म्हणून समुद्र बाजूला होतो की काय?

त्याच दिवसांत एका रविवारी मी कुकरची रिंग बदलत बसले होते. मुलगी ओट्याला टेकून बघत उभी. मी रिंग धुतली, पुसली, दोन बोटांमधून सगळी फिरवून कुठे चीर आहे का ते पाहिलं आणि झाकणात बसवली. यात काय विशेष? गेली तीस वर्षं करतेय. ती आत गेली आणि तो काळा डबा आणून तिनं माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाली, “आई, ह्याची पण अशीच रिंग असते. मला धड जमत नाही. करशील?”

जमत नाही म्हटल्यावर मी कसली सोडते! दुसऱ्याला जे जमत नाही ते करून दाखवण्याची मला जुनी खोड आहे.

तर ही रिंग. डब्याच्या दोन भागांच्या मध्ये, एका बारीक खाचेत, शेवयांपेक्षा थोडी जाड अशी रबराची रिंग बसलेली असते. पाणी अडवते ती तीच. बाकी डबा कितीही भक्कम असो, सगळा खेळ त्या शेवईवर. ती काढायला सुई, पिन, सुरी काही म्हणता काही लावायचं नाही, कारण एक ओरखडा उठला की खेळ खलास. दोन अंगठ्यांनी दोन्हीकडून रिंग मधल्या बाजूला सरकवायची, मध्ये ती जराशी उचलली जाते, तिथे चिमटीत धरायची आणि अलगद सोडवायची. मग पुसायची, पण कापसानं नाही, कारण कापूस धागे सोडतो. मग डोळे मिटून बोटांतून फिरवायची. डोळ्यांना जो वाळूचा कण दिसत नाही तो बोटांना लागतो. खाचही तशीच पुसायची. आणि मग ग्रीस.

ग्रीसवरून आमची पहिली खडाजंगी झाली. डब्याबरोबर आलेली इवलीशी ट्यूब, तिच्यातून मुलगी मोहरीएवढं ग्रीस बोटावर घ्यायची. मी म्हटलं, अगं, एवढ्यानं काय होणार? चांगलं भरभरून लाव, पाणी फिरकायचं नाही. ती म्हणाली, “आई, ग्रीस पाणी अडवत नाही. रबर अडवतं. ग्रीस नुसतं रबराला खाचेत नीट सरकून बसायला मदत करतं. जास्त लावलंस तर धूळ आणि केस गोळा होतात.” मला ते काही केल्या पटेना. तेल जास्त पडलं म्हणून कुठली गोष्ट बिघडली आहे का आजवर? पण पुढे मीच एकदा हात सैल सोडला, तर दुसऱ्या दिवशी त्या रिंगेवर घरातली सगळी धूळ नांदत होती. तेव्हापासून मी मोहरीची झाले. रिंग नुसती ओली दिसली पाहिजे, चिकट लागता कामा नये.

एकदा ट्यूब संपली आणि मुलगी परगावी. मला कुठला धीर! खोबरेल घेऊन बसले. नशीब की आधी फोन केला. ती अशी किंचाळली की यांना पेपर वाचता वाचता ऐकू गेलं. खोबरेल नाही, एरंडेल नाही, व्हॅसलीन तर मुळीच नाही, चुकीच्या तेलानं रबर फुगतं. मग मी एस्प्लनेडच्या बाजारात गेले आणि मागच्या गल्लीतल्या एका दुकानात जुनी ट्यूब दाखवली. दुकानदारानं तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पंख्याला लावायचं ग्रीस समोर ठेवलं. मी म्हटलं, पंख्याला नाही, पाण्याखालच्या कॅमेऱ्याला. तो म्हणाला, “दीदी, पाण्याखाली पंखा चालतो तर कॅमेरा का नाही चालणार?” मला त्याचं म्हणणं कळलं नाही, त्यालाही कळलं नसावं. शेवटी बरोबर त्या कंपनीची ट्यूब मागवावी लागली. ती आली त्या दिवशी मी ती देवघराच्या खणात ठेवली. आमच्या हिंगाच्या डबीलाही तेवढा मान नाही.

मुलगी परत आली की पहिलं काम डब्याचं स्नान. गोड्या पाण्याच्या बादलीत तो रात्रभर बुडवून ठेवायचा आणि पाण्यातच त्याचं एकेक बटण वीस-पंचवीस वेळा दाबायचं. बटणांच्या आतही बारीक रिंगा असतात, तिथे मीठ सुकलं की बटण अडकतं. मग दात घासायच्या मऊ ब्रशनं सगळे कोपरे. आणि जायच्या आदल्या दिवशी परीक्षा. कॅमेरा न घालता, आत कागदी रुमाल ठेवून डबा बंद करायचा आणि बादलीत बुडवायचा. रिकामा डबा तरंगतो, म्हणून त्याच्यावर मी वरवंटा ठेवते. तासाभरानं उघडून रुमाल गालाला लावून बघायचा. कोरडा तर पास. त्या तासात यांना आंघोळीची नेमकी घाई होते. “साहेब, बादलीत परीक्षा चालू आहे,” असं मी दाराबाहेरून सांगते. हे बिचारे तांब्या घेऊन नळाखाली उभे राहतात.

आमच्या वरच्या मजल्यावर एक काकीमा राहतात, सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. मुलगी आली की त्या फोटो बघायला येतात. निळ्या प्रकाशातले पट्ट्यापट्ट्यांचे, पिवळे, जांभळे मासे बघून मला तर हात जोडावेसे वाटतात. काकीमा चष्मा कपाळावर चढवतात, फोटो जवळ धरतात आणि विचारतात, “एटा खेते केमोन?” खायला कसा लागतो? मुलगी सांगते, काकीमा, हा खात नाहीत. काकीमा तिच्याकडे अशा बघतात की पोर शिकली खरी, पण वाया गेली. एका माशाला तर त्यांनी नुसत्या फोटोवरून मोहरीचं वाटण ठरवून टाकलं. मी शाकाहारी, मध्ये बसून मान डोलावते.

आता जे सांगायचं आहे त्याच्या आधी एक कबुली देते. डबा माझ्या ताब्यात येण्याआधी, ती प्रशिक्षणाला गेली तेव्हा, मुलीकडे तिचा स्वतःचा एक छोटा कॅमेरा होता. त्यात पाणी शिरलं. कारण काय, तर रिंगेवर एक केस. तिचाच, लांब. एका केसाच्या वाटेनं समुद्र आत आला. ती रडवेली होऊन परत आली तेव्हा मी तिला जवळ घ्यायचं सोडून व्याख्यान दिलं. “एक केस! एवढी शिकलेली मुलगी आणि एक केस दिसला नाही? कणीक मळताना मी केसाला फडकं बांधते, तू समुद्रात जाताना बांधत नाहीस?” हे व्याख्यान मी नंतर पाहुण्यांसमोरही दोनदा दिलं. आणि मग तीन वर्षं मी डबा बंद करून तिच्या हातात द्यायची. कॅमेरा आत बसवून, रिंग लावून, घरच्या स्वच्छ कोरड्या खोलीत. कारण बेटावर वाळू, वारा आणि ओले केस. विमानात हवेचा दाब बदलतो, म्हणून बाजूचं एक छोटं बूच तेवढं सैल ठेवायचं, ते उतरल्यावर आवळलं की झालं. तिथे गेल्यावरची रोजची उघडझाप तिची, पण पहिल्या बुडीचं बंद करणं माझं. दर वेळी दारात ती म्हणायची, “तू लावलंस ना? मग बघायला नको.” ते ऐकलं की माझं मूठभर मांस चढायचं. लोकांच्या मुली आईच्या हातच्या पुरणपोळ्यांचं कौतुक करतात, माझी मुलगी माझ्या हातच्या रिंगेवर समुद्रात उतरते!

तर गेला दसरा. दुसऱ्या दिवशी पहाटे मुलीचं विमान. दसऱ्याची गडबड नको म्हणून नवमीलाच बादलीची परीक्षा झाली, रुमाल कोरडा. दसऱ्याला मी सकाळी लवकर आंघोळ करून, केसाला फडकं बांधून, पंखा बंद करून डब्याला बसले. कॅमेरा आत, रिंग जागेवर, झाकण बंद. खट् असा तो आवाज झाला की माझ्या जिवाला बरं वाटतं. मुलगी मैत्रिणींबरोबर बागबाजारकडे देवी बघायला गेली होती. बाहेर ढाक, इथले मोठे ढोल, वाजत होते, सगळं कोलकाता देवीला निरोप द्यायच्या तयारीत, आणि आमच्याकडे आमचा दसरा. यांनी पार्कातून कांचनाची पानं आणली. आपट्याची इथे कुठली मिळायला, आकार तसाच म्हणून सोनं मानून घ्यायचं. पाट मांडला, पाटीवर सरस्वती काढली आणि घरातली शस्त्रं रांगेत ठेवली. माझं शिवणयंत्र, कात्री, विळी, मिक्सर, यांचा लॅपटॉप. मग हे म्हणाले, “आणि डबा? पोरीचं खरं शस्त्र तर तेच.”

मी डबा आणून ठेवला. यांनी कुंकवाचा करंडा हातात घेतला आणि थांबले.

“हा बंद आहे.”

“बंदच असतो. मघाशीच लावलाय.”

“म्यानातल्या तलवारीची पूजा करतात का कुणी? शस्त्र बाहेर काढून पूजतात. आमच्याकडे आजोबांच्या वेळेपासून तसंच आहे.”

“अहो, तुमच्या आजोबांच्या तलवारीला रबराची रिंग नव्हती.”

“मग पुन्हा लाव की. तुझ्या डाव्या हातचा मळ आहे तो.”

आता इथे सगळा दोष यांच्यावर ढकलता आला असता आणि पुढे एक अख्खी रात्र मी तो ढकललाही. पण खरं सांगते, मलाही ते मनातून हवंसं वाटलं. मुलगी पाण्याखाली जाणार, तिथे मी नाही, हे नाहीत, कुणीच नाही. देवानं एकदा आत डोकावून बघून घ्यावं, एवढीच माझी इच्छा. मी खिट्टी सोडली आणि डबा उघडून पाटावर ठेवला. यांनी हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, झेंडूचं फूल ठेवलं. मी नमस्कार केला आणि जे मागायचं ते मागितलं.

तेवढ्यात बेल वाजली. काकीमा, हातात नारळाच्या नाडूंची, म्हणजे इथल्या लाडवांची, ताटली. बसल्या, यांनी त्यांना सोनं दिलं, त्यांनी विचारलं हे खातात का. त्या गेल्या तोवर भाताला कुकर लावायची वेळ झाली होती. मी पाटाशी आले, फूल उचललं, हातानं अक्षता झटकल्या, बाहेरचं कुंकू ओल्या फडक्यानं पुसलं आणि झाकण लावलं. खट्. तो आवाज आला आणि माझं समाधान झालं. तीन वर्षांची सवय त्या एका आवाजावर झोपी गेली.

पहाटे मुलगी निघाली. दारात म्हणाली, “तू लावलंस ना? मग बघायला नको.” मी म्हटलं, “बिनधास्त जा.”

दुपारी जेवून मी मोबाइल घेऊन आडवी झाले. यांनी पूजेचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला होता. नणंदेचं ‘छान’, दिराचे जोडलेले हात, कुणाचं फूल. मी आपली कौतुकानं फोटो मोठा करून बघू लागले. शिवणयंत्र छान दिसत होतं. मग डबा. दोन बोटांनी अजून मोठा केला, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

यांनी कुंकवाचं बोट बरोब्बर खाचेच्या काठावर टेकवलं होतं. काळ्या रिंगेवर लाल पूड आणि तिच्याशेजारी, खाचेत रुतून बसलेले दोन तांदूळ. अख्खे. पांढरेशुभ्र.

केस म्हणजे काय चीज आहे त्यांच्यापुढे! दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही म्हणतात, इथे मुसळाबरोबर तांदूळही माझेच होते. मी रिंग काढली नव्हती. पुसली नव्हती. बोटांतून फिरवली नव्हती. झाकण लावलं होतं फक्त, चिवड्याच्या डब्याला लावतात तसं.

फोन लावला. बंद. ती तेव्हा बोटीवर असणार, एका बेटावरून पुढच्या बेटावर. संदेश पाठवला, ‘डबा पाण्यात नेऊ नकोस, आधी उघड.’ एकच टिक. तिच्या संस्थेत फोन केला, तर तिथे पूजेची सुट्टी. कोलकात्यात या दिवसांत एकवेळ देव भेटेल, पण ऑफिसात माणूस भेटायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिची पहिली बुडी. आणि ती डबा उघडून बघणार नव्हती, कारण मी लावला होता.

“तुम्ही उघडायला लावलंत,” मी यांना म्हटलं.

“बंद तू केलास,” हे म्हणाले.

“आजोबांची तलवार!”

“आता आजोबांना कशाला मध्ये आणतेस?”

यावर मी जे बोलले ते छापण्याजोगं नाही. हे निमूटपणे उठले आणि त्यांनी स्वतःच्या फोनवरून लावून बघितलं, जणू अधिकाऱ्याचा फोन समुद्र ओलांडून लागतो. मला राहून राहून तिचा तो रडवेला चेहरा आठवत होता. तेव्हा एका केसासाठी मी तिला कसं फाडून खाल्लं होतं! आता काय तोंडानं सांगणार, की बाई गं, तुझं वर्षभराचं काम मी दोन तांदळांवर घालवलं? क्षणभर असंही मनात आलं की न सांगितलं तर? डबे काय, गळतातही कधीकधी, कुणाला कळणार? लाज वाटली मला त्या विचाराची. अजूनही वाटते.

सकाळी साडेपाचपासून मी फोन घेऊन गॅलरीत. दर दोन मिनिटांनी लावत होते. खाली मंडपाचे बांबू सोडवत होते. साडेसहाला रिंग वाजली. दुसरी वाजली. आणि तिचा आवाज आला, मागे वारा आणि बोटीचं इंजिन.

“आई? काय गं, इतक्या सकाळी?”

“थांब. डबा पाण्यात नेऊ नकोस. ऐक आधी.” मी सगळं सांगून टाकलं. पूजा, कुंकू, तांदूळ, काकीमांचे नाडू, काही म्हणता काही वगळलं नाही. “मी रिंग बघितलीच नाही. माझी चूक आहे. यांची नाही, माझी. तुला त्या केसावरून एवढं बोलले आणि मी बघ काय करून ठेवलं.”

ती म्हणाली, “दोन नव्हते, तीन होते.”

“काय?”

“तांदूळ. आणि झेंडूची एक पाकळी. मी काल संध्याकाळीच उघडला, आई. साफ करून पुन्हा लावलाय. बाबांनी पूजा केली असणार, हे कुंकू बघूनच कळलं.”

मी गॅलरीतल्या स्टुलावर बसले. देवा, सुटलो, एवढंच आलं मनात. आणि मग हळूच दुसरं काहीतरी टोचायला लागलं.

“पण तू उघडलास कशाला? तू तर बघत नाहीस.”

ती वाऱ्याकडे पाठ करून उभी राहिली असावी, आवाज स्पष्ट झाला.

“आई, मी दर वेळी उघडते.”

“दर वेळी?”

“जो पाण्यात उतरतो त्यानंच शेवटचं बघायचं, असा नियमच आहे. पहिल्या वर्षापासून बघते.”

“म्हणजे तीन वर्षं मी इथे पंखा बंद करून, डोक्याला फडकं बांधून घाम गाळतेय, आणि तू तिथे जाऊन सगळं परत करतेस?” माझा आवाज चढला. आतून हे बाहेर आले. “मग दारात ते दर वेळचं नाटक कशाला? बघायला नको म्हणे! आणि काय काय सापडलं तुला आजवर माझ्या रिंगेत? सांग ना!”

“काही नाही. कालपर्यंत एकदाही नाही. कणसुद्धा नाही.”

“मग मला हे काम दिलंसच कशाला?”

“तू जेवत नव्हतीस, आई,” ती म्हणाली. “त्या वर्षी मी पाण्यात जाणार म्हटल्यावर तू ताटावरून उठून जायचीस. माझ्याशी बोलत नव्हतीस. मला काय करावं कळेना. मग तुला डबा दिला, आणि त्याच दिवशी तू विचारलंस, किती खोल जाणार? डब्यावर दाब किती पडेल ते कळायला हवं म्हणून. पण विचारलंस. त्याच्याआधी तू मला समुद्राबद्दल एक शब्द विचारला नव्हतास.”

हे शेजारी उभे राहून खुणेनं विचारत होते, काय झालं, काय झालं. मी यांना हातानं गप्प केलं. रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग नेमका कुणाचा ते काही कळत नव्हतं. माझी मुलगी मला इतकी ओळखते, हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, मी तिचा डबा सांभाळतेय.

“आई, ऐकतेयस ना? मला आता निघायला हवं. सगळे सूट घालून बसलेत.”

“आज किती खोल?” मी विचारलं.

“अठरा मीटर. डब्याला काही होत नाही, चाळीसपर्यंत चालतो तो.”

“डब्याचं काय व्हायचं ते होऊ दे गं,” मी म्हटलं. “बुडाला तर बुडाला. तू तेवढी वर ये.”

तीन वर्षांत हे मी तिला पहिल्यांदाच म्हणाले.

“येते,” ती म्हणाली. मग इंजिनाचा आवाज बंद झाला, कुणीतरी तिला हाक मारली, आणि फोन कट झाला. साडेआठला तिचा परत फोन येईपर्यंत आम्ही दोघंही गॅलरीतच बसून होतो.